जुनी नोंद काढा

डोंबिवली पूर्व
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रीतम,

आशीर्वाद आहेतच. भांडणाने ते कमी होत नाहीत, म्हणून वेगळे लिहीत नाही.

माझ्या सगळ्या दुरुस्त्या तू काल एका झटक्यात बंद केल्यास. त्याचं काही नाही, दवाखान्यांच्या नोंदींचं ते सॉफ्टवेअर, ओसरी, तू उभं केलंस, तिथे काय घ्यायचं ते तू ठरवणार. पण खाली सूचना लावलीस : ‘एकेक शब्द बदलून मदतनिसांच्या यादीत नाव यावं म्हणून पाठवलेल्या दुरुस्त्या यापुढे घेतल्या जाणार नाहीत.’ ती साऱ्या जगाला दिसते. आमच्या कल्याणच्या दवाखान्यात ओसरीवरच काम चालतं, तेव्हा डॉक्टरांनीही वाचली. म्हणाले, “रतनराव, हे तुमच्या भावाचंच ना?” मी हो म्हटलं. माझ्या औषधाच्या खिडकीवर गर्दी होती, पुढचं बोलायला सवड मिळाली नाही, ते बरं झालं.

मला राग आलेला नाही.

ऑक्टोबरात अशा फुकट सॉफ्टवेअरला दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना कुठलीशी कंपनी टी-शर्ट देते, म्हणून कॉलेजची मुलं तुझ्याकडे ढिगाने दुरुस्त्या पाठवतात, हे मला ठाऊक आहे. एक स्वल्पविराम घालतो, दुसरा तोच काढतो. सूचना त्यांच्यासाठी असेल. पण त्यांच्या आणि माझ्या दुरुस्त्या तू एकाच टोपलीत टाकल्यास. मी पन्नाशीला आलो, मला टी-शर्ट काय करायचा?

दुरुस्ती कशी पाठवायची ते तूच मला नौपाड्याच्या घरी शेजारी बसवून शिकवलंस. म्हणालास, “दादा, आपल्या गावच्या घराची ओसरी आठव. येणाऱ्याने कडी वाजवायची नाही. बसायचं, पाणी मागायचं, सूप फाटलं असेल तर तिथेच बसून विणून द्यायचं. हे सॉफ्टवेअर तसं आहे. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं.” मला ते देवळासारखं वाटलं. शनिवारी मी मारुतीचा मंडप झाडतो, तसं ओसरी कशी वापरायची ते सांगणाऱ्या तुझ्या पुस्तिकेचं एखादं पान झाडायचं. एवढंच मनात होतं.

आणि माझं म्हणणं फक्त एका शब्दाचं आहे. पडद्यावरच्या लाल बटणावर तू गेल्या वर्षी ‘हटवा’ लिहिलंस. पुस्तिकेत मात्र अजून ‘काढा’ आहे. ‘दोनदा भरलेली नोंद काढा’ म्हणजे हटवा. चार पानं पुढे ‘औषध देण्याआधी रुग्णाची जुनी नोंद काढा’ म्हणजे उघडून समोर घ्या. दोन्हीकडे तोच शब्द. आजवर चाललं, कारण चुकून हटवलेली नोंद कचरापेटीतून परत आणता यायची. नोव्हेंबरात येणाऱ्या आवृत्तीत तू कचरापेटीच ठेवणार नाहीस. माणसाची खासगी माहिती मागे रेंगाळू नये, हे मला पटतं. पण मग शब्द तरी नीट हवा ना?

तुला आठवत नसेल, तू पाच-सहा वर्षांचा होतास. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून भुईमूग काढलेला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “प्रीतम, जा, परसातली वांगी काढ.” तू गेलास आणि भुईमुगासारखी सगळी रोपं मुळासकट उपटून, माती झाडून, ओसरीवर ओळीने मांडलीस. वर विचारलंस, “अजून काढू?” आई आधी हसली, मग तुला बदडलं, मग रोपांकडे बघून पुन्हा हसली.

त्या दिवशी चूक तुझी नव्हती रे.

दादा


डोंबिवली पूर्व
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

प्रीतम,

काल भाऊबिजेला विनिताकडे तू येशील की नाही याची मला खात्री नव्हती. तूही माझ्याबद्दल तेच म्हणत होतास, असं ती नंतर म्हणाली. कल्याणात बहिणीच्या घरी दोन भाऊ एका पाटावर ओवाळून घेतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. तिला काय वाटलं असेल?

गॅलरीत तू बोललास ते मी रात्रभर उगाळत बसलो. तू म्हणालास, “दादा, तुझ्यासाठी तो एक शब्द असतो. मला तो उघडून बघावा लागतो. चाचण्या लावाव्या लागतात. हिंदी पुस्तिकेत, गुजराती पुस्तिकेत तोच बदल करा, स्क्रीनची चित्रं पुन्हा घ्या. नोकरी सांभाळून मी एकटा करतो हे सगळं. तू पाच मिनिटं देतोस आणि माझी संध्याकाळ जाते.”

मी म्हटलं, “मग शब्द चुकीचाच ठेवायचा?”

“लोकांचं अडलंय का? एक तक्रार दाखव. तुला देवापुढे फुलं निवडत बसायची सवय आहे, तसे तू शब्द निवडतोस. मला ओसरी चालायला हवी, सजायला नको.”

आणि तेवढ्यात विनिता दारात येऊन म्हणाली, “तुमची काढाकाढी संपली असेल तर मी ताटं काढते. आणि माझं नाव निघालं तर दोघांची पिसं काढीन.” भावोजी खोखो हसले. आपण दोघं हसलो नाही. बासुंदी खाऊन तू निघालास. जाताना मला वाकून नमस्कार केलास, पण पायाला हात लागला नाही.

आता एक कबूल करतो. तुझ्या बोलण्यात तथ्य आहे. मारुतीचे पुजारी मला एकदा म्हणाले होते, “रतनराव, तुम्ही झाडता ते पुण्य तुमचं. पण तुम्ही झाडणार म्हणून पहाटे कुलूप उघडायला मला उठावं लागतं, ते कुणाच्या खात्यात?” मी हसण्यावारी नेलेलं. काल तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि ते आठवलं. झाडणाऱ्याला आपला केर दिसतो, दुसऱ्याची झोप दिसत नाही.

पण म्हणून केर नाहीसा होतो का? जप करायला बसलो की मणी पुढे सरकतात आणि मन तिथेच राहतं. काढा, हटवा, काढा, हटवा. परवा नामाच्या जागी तेच तोंडात आलं. माळ डोळ्यांना लावून ठेवून दिली.

जाता जाता तू म्हणालास, “पाठवायचंच असेल तर सगळं एकदम पाठव. एकच मोठी दुरुस्ती. एकदाच बघीन.”

ठीक आहे. एकदम पाठवतो.

दादा


डोंबिवली पूर्व
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रीतम,

आज एकादशी आणि सकाळीच तुझा निरोप. एकच शब्द, ‘घेतलं.’ साबुदाणा भिजत घालायचा राहिला, इतका वेळ मी त्या शब्दाकडे बघत बसलो.

तू सांगितलंस तसंच केलं. एकेक वाक्य उकरत बसलो नाही. संगणकाला सांगितलं, बाबा रे, पुस्तिकेत जिथे जिथे ‘काढा’ दिसेल तिथे ‘हटवा’ कर. चहा उकळेपर्यंत झालंसुद्धा. आता बटण आणि पुस्तिका एक बोलतात. सगळीकडे एकसारखं. इतके महिने मी उगाच पान पान चाळत होतो. तुझी पद्धत बरोबर होती.

पुस्तिका लगेच नवी दिसायला लागली. कल्याणच्या दवाखान्यात मी दोन पानं उघडून पाहिली, शब्द बदललेला. खडवलीला आमच्या ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथल्या शुभदा सिस्टरना फोन करून सांगितलं की पुस्तिका सुधारली आहे, नव्या मुलीला हीच वाचायला द्या. त्या म्हणाल्या, “बरं झालं दादा, दिवाळीनंतर दिशा म्हणून मुलगी आलीय. फार गुणी आहे. बोट ठेवून वाचते.”

तू ‘घेतलं’ लिहिलंस, त्यापुढे ‘दादा’ लिहिलं नाहीस. घाईत असशील.

मन शांत व्हायला हवं होतं. झालं नाही. का ते कळत नाही. पाठवल्यावर एकदा वाचायला हवं होतं, असं सारखं वाटतं. पण तू वाचलंच असशील.

दादा


नौपाडा, तुझ्या जिन्यात
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रीतम,

तुझा फोन बंद आहे. संचिताचाही लागत नाही, नवरा-बायको दोघंही कामावर असाल. दाराला कुलूप आहे. शेजारच्या विमलाबाईंनी कागद दिला म्हणून लिहितोय. त्या म्हणाल्या, “तुम्ही रतन ना? आवाज अगदी प्रीतमचाच. तो एवढा बोलत नाही, इतकंच.”

उद्याची आवृत्ती सोडू नकोस. काहीही झालं तरी सोडू नकोस.

सकाळी शुभदा सिस्टरांचा फोन आला. हसत होत्या. “दादा, हा आडुळशाचा हटवा म्हणजे काय हो? नवीन औषध आलंय का? पुस्तिकेतल्या नमुन्याच्या चिठ्ठीत लिहिलंय, आडुळशाचा हटवा, दोन चमचे, दिवसातून दोनदा.” मीही हसलो. खोकल्याचा काढा! त्या ‘काढा’चाही मी हटवा करून टाकला होता. हसता हसता मनात आलं : तो बदलला, तर ‘औषध देण्याआधी रुग्णाची जुनी नोंद काढा’ याचं काय झालं?

विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. ‘औषध देण्याआधी रुग्णाची जुनी नोंद हटवा.’

त्या म्हणाल्या, “मी कुठे पुस्तिका वाचते, मला पाठ आहे.” आणि लगेच त्यांनी दिशाला हाक मारली. दिशाने कालपासून खिडकी सांभाळली आहे; रुग्ण आधी तिच्याकडे येतो, मग डॉक्टरकडे. पुस्तिकेत लिहिलं होतं, लाल बटणावर तोच शब्द होता, पडद्याने ‘नक्की?’ विचारलं, तिने ‘हो’ म्हटलं. प्रत्येक रुग्णाला.

त्यात आवडाबाई आहेत. गुडघे दुखतात म्हणून सकाळी आल्या होत्या. एका गोळीने त्यांचा चेहरा आणि घसा सुजतो, मागे त्यापायी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ते त्यांच्या जुन्या नोंदीत लाल अक्षरात होतं. खडवलीला रोज नवा डॉक्टर येतो. त्याला कोरी नोंद दिसली, त्याने तीच गोळी लिहिली. त्या ती घेऊन घरी गेल्या आहेत. शुभदा सिस्टर रिक्षा करून त्यांच्या पाड्यावर गेल्यात. तिथे फोनला रेंज नाही.

नोंदी अजून कचरापेटीत आहेत. उद्या नवी आवृत्ती गेली की पेटीच जाईल, आणि ही पुस्तिका किती दवाखान्यांत वाचली गेली असेल ते देव जाणे.

मी खाली पायरीवर बसलोय. जात नाही.

दादा


डोंबिवली पूर्व
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रीतम,

परवा आणि काल आपण इतका वेळ एकत्र होतो आणि कामाखेरीज काही बोललो नाही, म्हणून हे पत्र.

तू कामावरून आलास, मला पायरीवर बघितलंस आणि तुझा चेहरा उतरला. तुला वाटलं, घरात कुणाचं काही झालं. मी चिठ्ठी हातात दिली. तू जिन्यातच वाचलीस, बूट न काढता आत गेलास आणि आधी आवृत्ती थांबवलीस. मग जुनी पुस्तिका परत लावलीस. मग सगळ्या दवाखान्यांना निरोप. संचिता आली, तिने न विचारता भात टाकला.

शुभदा सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी मोरीत तोंड धूत होतो. तूच घेतलास. तू भिंतीला टेकून हळूहळू खाली बसलास, आणि मला वाटलं, गेली बाई. मग तुझं “उपास?” ऐकू आलं.

आवडाबाईंना शुक्रवारचा उपास होता. दिशाने त्यांना बजावलं होतं, “आज्जी, गोळी उपाशीपोटी घेऊ नका हं, जेवल्यावरच.” तेही तिने पुस्तिकेतल्या ‘औषध देताना काय सांगावं’ या पानावर बोट ठेवूनच वाचलं होतं. गोळी त्यांच्या कनवटीला तशीच बांधलेली होती. सिस्टरांनी मागितली तर देईनात. “आता दिली न् आता परत? मी काय चोरली?”

एकाच पुस्तिकेतलं एक वाक्य त्यांच्या जिवावर उठलं होतं आणि दुसऱ्याने त्यांना वाचवलं. देवाने वाचवलं असंच मी म्हणतो. पण देवाने ते वाक्य कुणाकडून तरी आधी नीट लिहून घेतलं होतं ना? ते तुझं वाक्य आहे. पहिल्या वर्षीचं.

खडवलीच्या सगळ्या नोंदी कचरापेटीतून परत आल्या, हे काल सकाळी कळलं. मग आपण पुस्तिका पहिल्या पानापासून घेतली. मी मोठ्याने वाचायचं, तू ठरवायचं.

“नोंद काढा.”

“ही उघडा.”

“अहवाल काढा.”

“छापा.”

“जुना फोटो काढून नवा काढा.”

“हे कुणी लिहिलंय?”

“तूच.”

“हटवून, नवा घ्या. पुढे.”

“आडुळशाचा काढा.”

तू उठून पाणी प्यायला गेलास. पाठमोरा होतास, पण खांदे हलत होते. मी पाहिलं.

एकच शब्द होता रे, आणि त्याला इतकी दारं निघाली. मी म्हणत होतो, सगळीकडे सारखं हवं. सारखं केलं तेव्हा माणूस मरायला टेकलं. आधी निदान शब्द दोन अर्थांचा होता, शहाणं माणूस थबकलं असतं. मी तो एकाच अर्थाचा केला, आणि तोही चुकीचा.

निघताना तू चपलांपाशी म्हणालास ते मी सोडवत बसलोय. “मी वाचलंच नाही, दादा. तुझं होतं म्हणून न वाचता घेतलं. म्हटलं, भांडण तरी मिटेल.” मलाही तुला सांगायला हवं होतं, ते तेव्हा जिभेवर आलं नाही. मी तो मोठा बदल पुस्तिकेसाठी पाठवलाच नव्हता. तुला दाखवायला पाठवला होता, घे, तुझ्या अटीवर करून दाखवतो. दिशा आपल्या दोघांच्याही डोळ्यांसमोर नव्हती.

तू म्हणालास, पुस्तिकेपुरती किल्ली मला देतोस, माझे बदल मीच लावावेत, तुझी वाट बघायला नको. नको रे. पुजाऱ्याने मला किल्ली दिली तर मी मारुतीच्या शेंदराला केर समजून पुसून टाकीन. कुलूप तुझ्याकडेच असू दे. मी एक शब्द पाठवीन. पाठवण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचीन. तू घेण्याआधी वाच. तेवढ्याने तुझी संध्याकाळ जात असेल तर नको म्हण, मी समजेन.

खरंच समजेन का, ते ठाऊक नाही. पण नको म्हण.

दादा


डोंबिवली पूर्व
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

प्रीतम,

मंडप झाडून आत्ताच आलो. पुजाऱ्यांना म्हटलं, मी यापुढे तुम्ही आरतीला उठाल तेव्हाच येत जाईन. ते म्हणाले, “आता माझी उठायची सवय मोडू नका.”

काल शुभदा सिस्टरांकडून कळलं, दिशा नोकरी सोडायचं म्हणत होती. रडत होती. मी तिला फोन केला. म्हटलं, बाळ, तू लिहिलं होतं तेच केलंस, चुकीचं लिहिलं ते मी. तिने विचारलं, “काका, मग पुढच्या वेळी पुस्तिकेतलं खोटं वाटलं तर मी काय करू?” मी म्हटलं, आम्हाला कळव. एका शब्दाचं असलं तरी कळव. म्हणाली, “पण तिथे तर लिहिलंय, एकेका शब्दाच्या दुरुस्त्या घेणार नाही.”

तेच मी तुला रात्री कळवलं. तुझ्यावर ठपका म्हणून नव्हे. मुलीने विचारलं ते जसंच्या तसं.

सकाळी तुझा निरोप आला : ‘दादा, ती सूचना काढली.’

प्रीतम, काढली म्हणजे काय? सरकार सूचना काढतं म्हणजे लोकांसाठी लावतं. आणि भिंतीवरची जुनी सूचना शिपाई काढतो म्हणजे फाडून नेतो. तू ती पुन्हा लावलीस की हटवलीस? पान उघडलं तर एका क्षणात कळेल. मघापासून फोन हातात आहे आणि मी उघडत नाही. या वेळी निरोपात ‘दादा’ आहे, एवढं वाचलं.

उद्या विनिताने दोघांना जेवायला बोलावलंय. ये. परसातल्या कुंडीत तिने वांगी लावलीत, ती तुलाच काढायला सांगणार आहे म्हणते.

काय केलंस ते तिथेच सांग. मी ऐकून घेईन, आणि मगच वाचीन.

दादा